तारा मरताना बघितलाय कुणी, मॅडम?

पत्र

मी लातूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. आठवीला ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’ हा धडा पुस्तकात अगदी शेवटी येतो. दरवर्षी तो उजळणीच्या गडबडीत, मार्चअखेरीला दोन तासांत उरकावा लागतो. फळ्यावर आकृती काढते : तेजोमेघ, तारा, तांबडा राक्षसी तारा, मग श्वेत बटू, न्यूट्रॉन तारा, कृष्णविवर. मुलं पाठ करतात, लिहितात, मार्क पडतात. यंदा मी सहज विचारलं, “आपल्या सूर्याचं शेवटी काय होणार?” अर्ध्या वर्गाने सांगितलं, कृष्णविवर. खरं सांगू? सूर्य शेवटी फुटणार, असं बऱ्याच वर्षांपूर्वी मीच एका वर्गाला सांगितलेलं आठवतंय.

त्यात एक पोरगा उठून म्हणाला, “मॅडम, कोट्यवधी वर्षं लागतात म्हणता, मग तारा मरताना बघितलाय कुणी?” शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय, असं म्हणून मी वेळ मारून नेली. एका मुलीची आजी सांगते, माणूस गेला की त्याचा तारा होतो. “मग आमचे आजोबा किती वर्षं दिसतील?” असं ती मुलगी विचारते. तिला काय सांगावं हेही सुचलं नाही. शाळेतला प्रोजेक्टर बंद आहे, दुर्बीण नाही. रात्री मुलांना बोलवू म्हटलं, तर मुख्याध्यापक म्हणतात, मुलींची जबाबदारी कोण घेणार? पुढच्या वर्षी हा धडा नीट शिकवायचा आहे. कुठून सुरुवात करू?

– एक शिक्षिका

उत्तर

ताई, सुरुवात त्या पोराच्या प्रश्नापासूनच करा. आकृती शेवटी काढा. तिच्या प्रत्येक बाणापाशी ‘हे कळलं कसं?’ हा प्रश्न दडलेला आहे आणि तो एकट्या त्यानेच विचारला. बाकीच्यांनी बाण पाठ केले, म्हणून त्यांचा सूर्य कृष्णविवरात गेला.

त्याला असं विचारा. समज, परग्रहावरचा कुणी पाहुणा तासाभरासाठी आपल्या गावातल्या लग्नात येऊन बसला. झोळीतलं पोर, मांडवात पळापळी करणारी लेकरं, नवरा-नवरी, आहेर लिहून घेणारा मामा, पुढच्या खुर्च्यांवर बसलेले धोतर-टोपीवाले आजोबा, हे सगळं त्याने एका तासात पाहिलं. माणूस जन्मतो, वाढतो, म्हातारा होतो हे कळायला त्याला सत्तर वर्षं गावात मुक्काम करावा लागेल का? खगोलशास्त्रज्ञांनी केलं ते हेच. एकाच ताऱ्याकडे टक लावून बसण्याऐवजी त्यांनी हजारो तारे एकदम पाहिले, त्यांचा रंग आणि खरं तेज मोजलं आणि दोन्ही एका आलेखावर मांडलं. १९१०च्या आसपास डेन्मार्कचा हर्ट्‌झस्प्रुंग आणि अमेरिकेचा रसेल या दोघांनी वेगवेगळं काम करून हा आलेख काढला. तारे त्यात कसेही विखुरले नव्हते. बहुतेक सगळे एका तिरप्या पट्ट्यात बसले, काही तांबडे आणि प्रचंड मोठे तारे एका कोपऱ्यात, तर काही पांढरे आणि इवलेसे तारे दुसऱ्या कोपऱ्यात गेले. या तीन जागा म्हणजे ताऱ्याच्या आयुष्यातले तीन टप्पे, हे पुढे उलगडत गेलं.

पण तो पोरगा चिवट दिसतो. तो म्हणेल, कशावरून? म्हातारे तारे पहिल्यापासूनच तसे असतील! मग त्याला तारकापुंज दाखवा. पुंजातले सगळे तारे एकाच ढगातून, जवळजवळ एकाच वेळी जन्मलेले असतात. कृत्तिकांचा झुपका सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याचं वय सुमारे १० कोटी वर्षं, आणि त्यातले ठळक तारे निळसर पांढरे आहेत. त्याच्याच शेजारी रोहिणीभोवती इंग्रजी व्ही अक्षरासारखा पुंज आहे, त्याचं वय ६० कोटींच्या पुढे. त्यातले सगळ्यात वजनदार निळे तारे संपून गेले आहेत आणि त्यांच्याखालोखालचे फुगून नारिंगी झाले आहेत. (लालसर रोहिणी स्वतः त्या पुंजातली नाही. ती अर्ध्याहून कमी अंतरावर, आपल्या वाटेत उभी आहे.) जितका पुंज जुना, तितके हलके तारेही म्हातारे झालेले दिसतात. असे शेकडो पुंज तपासून झाले आहेत आणि सगळ्यांत हाच क्रम सापडतो.

आणि मरताना कुणी बघितलाय का, याचं सरळ उत्तर ‘हो’ असं आहे. २३ फेब्रुवारी १९८७ या दिवशी दक्षिण गोलार्धातल्या आकाशात, मोठ्या मॅजेलनी ढगात (नाव ढग, पण ती आपल्या आकाशगंगेशेजारची एक लहान दीर्घिका) एक तारा फुटला आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसला. आपल्याकडून ती जागा क्षितिजालगतच राहते, म्हणून मराठवाड्यातून कुणाला दिसला नसेल. पण शास्त्रज्ञांनी त्या जागेचे जुने फोटो काढून पाहिले, तेव्हा तिथे सूर्याच्या वीसेक पट वस्तुमानाचा एक निळा महाराक्षसी तारा होता. स्फोट ओसरल्यावर तो तारा त्या जागी उरला नाही. प्रकाश दिसायच्या काही तास आधी जपान आणि अमेरिकेतल्या जमिनीखालच्या यंत्रांना त्या स्फोटातून निघालेले न्यूट्रिनो कणही सापडले होते. ताऱ्याचा गाभा कोसळला तर असे कण आधी बाहेर पडतील, हे गणिताने अगोदरच सांगितलं होतं. तो तारा इतका लांब होता की प्रत्यक्षात फुटून १,६८,००० वर्षं होऊन गेली होती. बातमी तेवढी आपल्याकडे १९८७ साली पोचली.

हा धडा मार्चमधून उचला आणि डिसेंबर-जानेवारीत आणा. पुस्तकातला क्रम पाळलाच पाहिजे असा आग्रह कुणी धरला, तर युक्तिवादाला कारण माझ्याकडून घ्या : ताऱ्याच्या जन्मापासून शेवटापर्यंतचे जवळपास सगळे टप्पे हिवाळ्याच्या रात्री आकाशाच्या एकाच तुकड्यात दिसतात, आणि त्या तुकड्याचं नाव तुमच्या वर्गातल्या प्रत्येक लेकराला तोंडपाठ आहे. मृग.

मुलांना मृग माहीत असतो तो जूनचा. सातला-आठला मृग निघतो, आभाळाकडे बघत सोयाबीनच्या पेरणीची घाई सुरू होते. त्यांना विचारा, जूनमध्ये मृगाचे तारे कुणी पाहिलेत? कुणीच पाहिलेले नसतात. कारण ‘मृग निघाला’ याचा अर्थ सूर्य मृग नक्षत्रात गेला, आणि सूर्याच्या मागे असलेले तारे दिसणार कसे? तेच तारे सहा महिन्यांनी, सूर्य आकाशाच्या दुसऱ्या टोकाला गेला की रात्रभर डोक्यावर असतात. एवढं सांगितलं तरी वर्ग जागा होतो. आमच्याकडची कितीतरी मोठी माणसं आयुष्यभर मृगावर पेरतात आणि हिवाळ्यात बांधावर पाणी धरताना डोक्यावरचा मृग ओळखत नाहीत.

डिसेंबरअखेरीला रात्री आठच्या सुमारास पूर्वेला तोंड करून उभं राहायचं. उगवताना मृग आडवा असतो. मधले तीन तारे, म्हणजे हरणाला लागलेला बाण, एकावर एक उभे दिसतात. त्यांच्या डावीकडे तांबूस काक्षी, उजवीकडे निळसर पांढरा राजन्य. तीन ताऱ्यांची रेघ वरच्या बाजूला वाढवली की रोहिणी आणि तिच्याही वर कृत्तिका. खाली वाढवली की व्याध, तो जरा उशिरा वर येतो. बाण आणि राजन्य यांच्या मधल्या जागेत नीट पाहिलं तर धुरकट डाग दिसतो. तोच मृगातला तेजोमेघ, सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा. तिथे आज, आत्ता, वायू आणि धूळ आकसून तारे तयार होत आहेत. आकृतीतला पहिला टप्पा नुसत्या डोळ्यांनी दिसतो, आणि तरी आपण तो खडूने काढत बसतो!

तिथून कृत्तिकांकडे जा, ती तरुण मंडळी. मग रोहिणी. ताई, सूर्याचं पुढे काय होणार याचं उत्तर मुलांना रोहिणीकडे बोट दाखवून द्या. तिचं वस्तुमान सूर्यापेक्षा थोडंसंच जास्त आहे, पण गाभ्यातला हायड्रोजन संपल्यामुळे ती फुगून सूर्याच्या चाळीसपटीहून मोठी झाली आहे. सूर्यही असाच होणार, साधारण ५०० कोटी वर्षांनी. रोहिणी ६५ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे आज दिसणारा तिचा उजेड निघाला तेव्हा वर्गातल्या बऱ्याच जणांच्या आज्या पोरवयात असतील. नंतर व्याध. आकाशातला हा सगळ्यात ठळक तारा फक्त ८.६ प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याच्याभोवती एक जोडीदार फिरतो, आकार पृथ्वीएवढा आणि वजन सूर्याएवढं. तो श्वेत बटू. डोळ्यांना तो दिसत नाही. १८६२ साली अमेरिकेत एका नव्या दुर्बिणीची चाचणी घेताना तो पहिल्यांदा दिसला. सूर्याचा मुक्काम शेवटी तिथे.

राहिला स्फोटाचा अवशेष. वृषभाच्या एका शिंगाच्या टोकाजवळ, रोहिणीपासून फार लांब नाही, १०५४ साली एक ‘नवा’ तारा उगवल्याची नोंद चिनी लोकांनी केली आहे. तो २३ दिवस भर दिवसा दिसत होता. आज त्या जागी दुर्बिणीतून खेकडा तेजोमेघ दिसतो आणि त्याच्या मधोमध सेकंदाला तीस गिरक्या घेणारा न्यूट्रॉन तारा आहे. दुर्बीण नसली तरी जागा दाखवा. मुलांना रिकाम्या जागेकडे बघतानाही मजा वाटते, फक्त तिथे काय झालं होतं ते माहीत हवं.

आता वर्गातलं शिकवणं. सगळं दोन गोष्टींवर उभं आहे. पहिली, तारा म्हणजे दोन जोरांची झटापट. स्वतःचं गुरुत्व त्याला आत खेचतं, आतल्या तापलेल्या वायूचा दाब त्याला बाहेर ढकलतो. हे मैदानावर करून घ्या. आठ-दहा पोरं पाठीला पाठ लावून मध्ये उभी करा, ती बाहेर रेटणार. पंधरा-वीस जणांनी हात धरून भोवती कडं करायचं, ते आत दाबणार. जोर सारखा असेपर्यंत कडं जागेवर राहतं. मग तुम्ही एकेकाच्या डोक्यावर टपली मारली की आतल्याने खाली बसायचं : इंधन संपलं. कडं आत येतं. (मुलं आणि मुली वेगवेगळे गट करा, आणि धसमुसळ्या पोरांना कड्यात ठेवा, आत नको.)

या खेळात एक गोष्ट दिसत नाही आणि ती नेमकी सगळ्यात अवघड आहे. इंधन संपल्यावर तारा आक्रसायला हवा, मग तो फुगून राक्षसी कसा होतो? हे बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकलं जातं, तुम्ही मात्र इथे थांबा. गाभ्यातला हायड्रोजन संपतो, सगळ्या ताऱ्यातला नाही. गाभा आक्रसतो आणि आक्रसताना आणखी तापतो. त्या उष्णतेने गाभ्याला लागून असलेल्या थरातला हायड्रोजन पेट घेतो, तोही आधीपेक्षा जोरात. ही जादा ऊर्जा बाहेरच्या थरांना फुगवते. पृष्ठभाग इतका पसरतो की त्याच्या प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला कमी उष्णता येते, म्हणून तो थंड होतो आणि तांबडा दिसतो. म्हणजे आत आक्रसणं आणि बाहेर फुगणं एकाच वेळी चालतं. दोन वर्तुळं काढून, आतलं पुसून लहान आणि बाहेरचं पुसून मोठं करत सांगितलं की बसतं डोक्यात.

जाता जाता, ‘पेट घेतो’, ‘जळतो’ हे बोलायला ठीक, पण एकदा स्पष्ट सांगून टाका की तिथे ऑक्सिजन लागत नाही, धूर नाही, राख नाही. हायड्रोजनची अणुकेंद्रकं एकमेकांत मिसळून हेलियम होतो. सूर्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचा हेलियम होतो आणि त्यातलं ४० लाख टन वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडतं. सेकंदाला! हा आकडा फळ्यावर शून्यं मोजत लिहा.

दुसरी गोष्ट, ताऱ्याचं नशीब जन्मताना त्याला मिळालेल्या वस्तुमानावर ठरतं. तुमच्या मुलांचा घोटाळा इथे झाला. आकृतीतले तीन शेवट त्यांना एकापुढे एक येणारी तीन स्टेशनं वाटली. त्या तीन वेगळ्या वाटा आहेत आणि फाटा जन्मालाच फुटलेला असतो. सूर्याच्या आठपटीपर्यंतचे तारे शेवटी श्वेत बटू होतात. आठ ते साधारण २५ पट असलेले फुटतात आणि मागे न्यूट्रॉन तारा उरतो, आकार एखाद्या तालुक्याच्या गावाहून थोडा मोठा, वीसेक किलोमीटर, आणि त्यातलं चमचाभर द्रव्य शेकडो कोटी टनांचं. त्याहून जड असलेल्यांचं कृष्णविवर. सूर्य पहिल्या वाटेवर आहे. तो फुटणार नाही, कृष्णविवरही होणार नाही. तुम्ही ज्या वर्गाला सूर्य फुटणार असं सांगितलं होतं, त्यातली मुलं आता मोठी झाली असतील. गावात भेटतील तेव्हा सांगा, त्यांना गंमत वाटेल.

श्वेत बटूबद्दल बोलताना चंद्रशेखर यांचं नाव नुसतं घेऊन पुढे जाऊ नका. १९३० साली एकोणीस वर्षांचा हा मुलगा बोटीने इंग्लंडला शिकायला निघाला आणि त्या प्रवासात त्याने गणित मांडलं, की श्वेत बटूला वजनाची मर्यादा असते. पुढे ती सूर्याच्या १.४ पट ठरली. नोबेल मिळालं १९८३ला, मधे पन्नासहून जास्त वर्षं गेली. आठवीच्या पोराला एकोणीस हे वय फार लांब वाटत नाही, घरातला मोठा भाऊ तेवढाच असतो.

जड तारे जास्त जगत असतील, असं मुलं हमखास म्हणतात. जास्त माल, जास्त दिवस. इथे काक्षी कामाला येतो. त्याचं वस्तुमान सूर्याच्या पंधरापटीहून जास्त, पण उधळण हजारो पटींनी. सूर्य ४६० कोटी वर्षांचा आहे आणि अजून मध्यम वयाचा. काक्षीचं वय जेमतेम कोटीभर वर्षांच्या आसपास, आणि तो शेवटच्या टप्प्यात आहे. डायनोसोर ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले. म्हणजे डायनोसोर वर बघत असतील तेव्हा आकाशात काक्षी नव्हताच! हे वाक्य वर्गात टाका आणि दोन मिनिटं गप्प बसा, पोरं आपसातच भांडतील. उलट टोकाला सूर्याच्या दहाव्या हिश्शाएवढे तांबडे बटू तारे इतके काटकसरी की विश्वाच्या १,३८० कोटी वर्षांत त्यांच्यातला एकही म्हातारा होऊन मेलेला नाही.

काक्षी कधी फुटेल, हा पुढचा प्रश्न येतोच. २०१९च्या शेवटी तो एकदम मंदावला तेव्हा खूप चर्चा झाली. त्याने बाहेर टाकलेल्या धुळीने त्याचा चेहरा झाकला होता, असं नंतर दिसून आलं. उद्या फुटेल किंवा लाख वर्षांनी. पृथ्वीला धोका नाही, तो पाचशेहून जास्त प्रकाशवर्षांवर आहे. ‘दिसणारे बहुतेक तारे कधीच मेलेले आहेत’ असा जो मजकूर मोबाइलवर फिरतो, तो मुलं घेऊन येतील. खोटा आहे. नुसत्या डोळ्यांना दिसणारे तारे काहीशे, फार तर काही हजार प्रकाशवर्षांवर असतात आणि जगतात कोट्यवधी वर्षं. जवळजवळ सगळे जिवंत आहेत.

रंगासाठी लोहाराकडे जा, किंवा वेल्डिंगच्या दुकानात. लोखंड तापताना आधी गडद तांबडं, मग नारिंगी, मग पिवळं, मग पांढुरकं होतं. ताऱ्यांचंही तेच : काक्षीचा पृष्ठभाग सुमारे ३,५०० अंश, सूर्याचा ५,५००, राजन्यचा १२,००० च्या आसपास. तांबडा तारा थंड, निळा तारा गरम. गॅसच्या निळ्या ज्योतीचं उदाहरण मात्र देऊ नका. तो निळा रंग जळणाऱ्या वायूच्या रासायनिक क्रियेतून येतो, तापमानातून नाही. आणि घरोघरी पडलेल्या जुन्या सीडी मागवा. उन्हात धरली की सलग रंगपट्टा दिसतो, जुन्या सीएफएल बल्बखाली धरली की रंग तुटक तुटक दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रंगरेषा वेगळ्या असतात, त्यावरून न जाता कळतं की ताऱ्यात काय आहे. हेलियम असाच आधी सूर्यप्रकाशात सापडला, १८६८च्या सुमारास. पृथ्वीवर तो हाती लागला १८९५ साली. (सीडीतून थेट सूर्याकडे कुणी बघणार नाही, यावर लक्ष ठेवा.)

शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी वाटता ना? त्या दिवशी विज्ञानाचा तास घ्या. गोळी हातात ठेवूनच विचारा, यातलं लोह आलं कुठून? खाणीतून. खाणीत कुठून? जड ताऱ्याच्या गाभ्यात एकेक पायरी चढत हेलियमपासून कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन असं करत गाडी लोहापर्यंत येते आणि तिथे अडते, कारण लोहाच्या पुढे केंद्रकं जोडली तर ऊर्जा मिळत नाही, उलट खर्च होते. आधार सुटतो, गाभा सेकंदाच्या आत कोसळतो, तारा फुटतो. अशा स्फोटांतून, आणि काही श्वेत बटूंच्या स्फोटांतूनही, लोह अवकाशात पसरलं आणि पुढे ज्या ढगातून सूर्य आणि पृथ्वी झाली त्यात मिसळलं. आईच्या मण्यातल्या सोन्याची कहाणी आणखी पुढची. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या धडकेचे गुरुत्वीय तरंग (अवकाशालाच बसणारे अगदी बारीक हेलकावे) पकडले गेले आणि त्या धडकेत सोन्यासारखी जड मूलद्रव्यं तयार होतात याचा पुरावा मिळाला. असे तरंग (कृष्णविवरांच्या धडकेतूनही ते निघतात) पकडणारी लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा आपल्याच मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, २०२३ साली केंद्राने मंजूर केलेले सुमारे २,६०० कोटी रुपये. औंढ्याला दर्शनाला जाऊन आलेली मुलं वर्गात असतीलच. कृष्णविवराचा अभ्यास करायला फार लांब जावं लागणार नाही, एवढं त्यांना कळू द्या.

आजीचं म्हणाल, तर तिच्या गोष्टीशी भांडायला जाऊ नका. त्या मुलीला तारा म्हणजे आजोबा हवे आहेत, आणि ते घरचं आहे. विज्ञानाच्या तासाला एवढंच सांगा की तारे आजोबांच्या कितीतरी आधीपासून आहेत आणि आजोबांच्या अंगातलं लोह, कॅल्शियम ताऱ्यांतूनच आलं होतं. किती वर्षं दिसतील, हा तिचा प्रश्न मात्र खरा विज्ञानाचा आहे. तिने कुठला तारा धरलाय ते विचारा आणि त्याचं उत्तर वर्गाला शोधायला लावा.

उरले मुख्याध्यापक. त्यांची काळजी रास्त आहे. म्हणून मुलांना रात्री शाळेत बोलवूच नका. लातूर-धाराशिवकडे येळवस कुणाला सांगायला नको. मार्गशीर्ष अमावस्या, सगळं गाव शेतात, कडब्याच्या कोपीपुढे पूजा, भज्जी, आंबील. चंद्राचा पत्ता नाही, आई-बाप सोबत, मुली घरच्यांबरोबर. याहून चांगली रात्र सरकारी आदेशाने मागितली तरी मिळायची नाही. जवळच्या चार-पाच शेतांतली कुटुंबं आधी ठरवून एका शेतात थांबवा, परत निघायच्या आधी तासभर. पाहुणे आले असतील तर तेही थांबतील. ते जमलं नाही तर जानेवारी-फेब्रुवारीत हुरड्याला, फक्त आगटी विझल्यावर अर्धा तास जाऊ द्या, डोळे अंधाराला सरावायला लागतात. फेब्रुवारीच्या मध्याला रात्री आठला मृग थेट डोक्याजवळ असतो. बॅटरीला लाल कागद लावा, मोबाइल खिशात. विंचूकाटा आहे, पोरांच्या पायांत बूट हवेत.

ऊसतोडीला गेलेल्या घरांची मुलं वर्गात असतील तर ती तेव्हा कारखान्यावर असणार. त्यांच्या आई-बापाच्या मोबाइलवर मृगाची आकृती पाठवा, खाली दोन ओळी लिहा : तांबडा कुठला, निळा कुठला, बघून ठेवा. पहाटे अंधारात फडावर जाणारी ती माणसं आहेत, वर्गापेक्षा जास्त आकाश त्यांना दिसतं. पोरं परत आली की पहिल्यांदा त्यांना बोलू द्या.

आकृतीही लागतेच, परीक्षेला येते. ती सगळं झाल्यावर काढा आणि मुलांकडून भरून घ्या. प्रत्येक चौकटीत आकाशातलं एक नाव : तेजोमेघापाशी मृगातला डाग, तांबड्या राक्षसीपाशी रोहिणी, महाराक्षसीपाशी काक्षी, श्वेत बटूपाशी व्याधाचा जोडीदार, न्यूट्रॉन ताऱ्यापाशी १०५४. कृष्णविवराच्या चौकटीत औंढा लिहिलं तर मार्क कापू नका.